गिझरचा लाल दिवा कशाची साक्ष देतो?

१. नोव्हेंबरातला प्रश्न

"लाइट तर लागला हाये, मंग पानी काहून तापत नाही?"

नागपुरात हा प्रश्न दिवाळीनंतर ऐकू येऊ लागतो आणि संक्रांतीपर्यंत येत राहतो. याचं एक कारण इथल्या हवामानात आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नुसत्या उन्हानेच अंगाला चटका देतं. २३ मे २०१३ रोजी तर इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसांत गिझरची आठवणही कोणाला होत नाही. हेच शहर हिवाळ्यात असं गारठतं की २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं. त्यामुळे गिझर फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो, सात-आठ महिने पाण्याने भरलेला तसाच भिंतीवर राहतो, आणि पहिल्या थंडीच्या सकाळी आपण बटण दाबतो. एवढ्या काळात जे गंजलं, सैल झालं किंवा क्षाराने माखलं ते त्याच सकाळी उघडं पडतं.

अशा वेळी घरातल्या माणसाला दिसतो तो फक्त एक दिवा. तो लागला की गिझर चांगला आणि विझला की बिघडला, असा आपला समज असतो. हा समज अनेकदा चुकतो आणि नसता खर्च करायला लावतो. गिझरचा दिवा खोटं बोलत नाही, पण त्याला विचारता येणारा प्रश्न एकच असतो: 'तुझ्या दोन टोकांपर्यंत वीज पोचली आहे का?' ती टोकं नेमकी कुठे जोडली आहेत हे कळलं की दिव्याच्या उत्तराचा अर्थ लागू लागतो.

२. बटणापासून कॉइलपर्यंत

आधी विजेचा रस्ता पाहू. भिंतीवरच्या बटणातून वीज प्लगमध्ये येते आणि प्लगमधून वायरने गिझरच्या खालच्या झाकणाआड जाते. तिथे तिला ओळीने तीन वस्तू भेटतात.

पहिली वस्तू कटआऊट. हा सुरक्षेचा शेवटचा पहारा. पाणी भलतंच तापलं, साधारण नव्वद अंशांच्या घरात गेलं, तर तो वीज तोडतो. दुसरी थर्मोस्टॅट. आपण ठरवलेल्या तापमानाला पाणी पोचलं की तो वीज थांबवतो आणि पाणी निवलं की पुन्हा सोडतो. त्याची सळी टाकीच्या आत, कॉइलच्या शेजारी बसवलेल्या बारीक नळीत असते. तिसरी वस्तू म्हणजे कॉइल, प्रत्यक्ष पाणी तापवणारी. कॉइलमधून पलीकडे गेलेली वीज न्यूट्रल तारेने परतते आणि फेरा पूर्ण होतो.

या साखळीत कुठेही एक तुटक जागा निर्माण झाली की कॉइल थंड राहते. जागा कुठली, एवढंच शोधायचं असतं.

३. दिवा कुठे जोडला आहे?

एखाद्या फ्लॅट स्कीमच्या फाटकावर चौकीदार बसलेला आहे असं समजा. पाहुणे आत आले एवढं तो खात्रीने सांगेल. ते तिसऱ्या मजल्यावर पोचले की जिन्यात अडकले, हे त्याला माहीत नसतं. ते सांगू शकेल तिसऱ्या मजल्यावरचाच कोणी.

भिंतीवरच्या बटणातला दिवा म्हणजे फाटकावरचा चौकीदार. बटणापर्यंत वीज आली इतकंच तो सांगतो. प्लगची पिन जळून काळी पडली असली तरी तो लागलेलाच राहतो. गिझरच्या अंगावरचा दिवा आणखी आत असतो, पण सगळ्या गिझरांमध्ये तो एकाच जागी नसतो. काही गिझरांत तो कटआऊटच्याही आधी जोडलेला असतो. मग तो 'गिझरमध्ये वीज आली' एवढंच सांगतो आणि पाणी तापून थर्मोस्टॅट बंद झाला तरी विझत नाही. काहींमध्ये तो थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉइलच्या दोन टोकांना जोडलेला असतो. असा दिवा पाणी तापत असताना लागतो आणि तापलं की विझतो. दोन दिवे असतील तर बहुधा एक वीज आल्याचा आणि दुसरा पाणी तापत असल्याचा. रंगांचे अर्थ मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यामुळे शेजाऱ्याच्या गिझरवरून आपल्या गिझरचा निष्कर्ष काढू नये. माहितीपत्रक हरवलं असेल तर सोपी खूण आहे. गिझर नीट चालतो आहे तेव्हाच एकदा अर्धा-पाऊण तास लक्ष ठेवा. पाणी कढत झाल्यावर दिवा विझला तर तो थर्मोस्टॅटच्या पुढचा, नाहीतर अलीकडचा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. समजा दिवा अगदी कॉइलच्या टोकांनाच जोडलेला आहे आणि कॉइल आतून तुटली आहे. तरीही दिवा लागेलच, कारण कॉइलच्या दाराशी वीज पोचलेली असते, फक्त तिला पुढे जायला वाट नसते. या छोट्या दिव्याला लागते ती विजेची एक सूक्ष्म धार, मिलिअँपिअरमध्ये मोजावी इतकी. दोन हजार वॉटच्या कॉइलला ८.७ अँपिअर लागतात. सैल झालेल्या, काजळी धरलेल्या जोडातून दिव्यापुरती वीज सहज निसटते, कॉइलपुरती निघत नाही. म्हणून दिवा लागणं हा पाणी तापत असल्याचा पुरावा नाही.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे गिझर लावलेला असताना टेस्टर सॉकेटवर पेटतो, पण गिझरचा दिवा मात्र लागत नाही. बरेच जण इथे गोंधळतात. टेस्टरला फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी बाजू, पुरते, कारण त्याची परतीची वाट आपल्या शरीरातून जाते. गिझरच्या दिव्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. त्यामुळे असं दिसलं तर न्यूट्रल तुटल्याचा संशय घ्यावा, आणि दिवा विझलेला आहे म्हणून गिझरमध्ये वीज नाही असं अजिबात समजू नये. आतल्या तारांवर फेज उभा असतो.

४. दुसरा दिवा, जो आपण कधी पाहत नाही

कॉइल खरोखर वीज घेते आहे का, हे झाकण न उघडता, कशालाही हात न लावता कळू शकतं. आपल्या वीज मीटरवरही एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या जवळ मीटरवर एक आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२०० किंवा १६००. मीटरचा दिवा इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली, असा त्याचा अर्थ.

हिशेब करून पाहू. २००० वॉटचा गिझर तासाला २ युनिट घेतो. आकडा ३२०० असेल तर तासाला ६४०० लुकलुका, म्हणजे अर्ध्या मिनिटात सुमारे ५३. आकडा १६०० असेल तर अर्ध्या मिनिटात सुमारे २७. फ्रिज, पंखे, टीव्ही थोडा वेळ बंद करा आणि एकाने मीटरपाशी उभं राहून मोजायला घ्यावं. फ्लॅट स्कीममध्ये मीटर खाली पार्किंगजवळ असतात, तेव्हा वर बटण दाबणाऱ्याशी फोनवर बोलत हे करता येतं. बटण दाबताच लुकलुक एकदम वाढली तर कॉइल जिवंत आहे. गिझरचा दिवा लागला आणि मीटर मात्र पूर्वीसारखाच आळसावलेला राहिला, तर वीज कॉइलमधून जात नाही.

मला ही तपासणी फार मोलाची वाटते. मिस्त्रीला बोलावताना 'गिझर चालत नाही' म्हणण्याऐवजी 'दिवा लागतो, पण कॉइल वीज घेत नाही' असं सांगता येतं, आणि मग चांगला थर्मोस्टॅट बदलायचा प्रसंग टळतो.

लुकलुका ५३ ऐवजी ३६ च आल्या तर? तर व्होल्टेज तपासायला हवं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर ताकद सतराच टक्के घटत नाही, सुमारे बत्तीस टक्के घटते, आणि २००० वॉटची कॉइल जेमतेम १३६० वॉटची उरते. दिव्यात मात्र फारसा फरक दिसत नाही. बहुतेक गिझरांत निऑनचा बारीक दिवा असतो आणि तो याहून बऱ्याच कमी व्होल्टेजलाही पेटतो. भल्या सकाळी सगळ्या मोहल्ल्याचे गिझर एकाच वेळी लागतात, तेव्हा असा अनुभव येऊ शकतो.

५. घड्याळ लावून पाहा

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोजूल ऊर्जा लागते, आणि २००० वॉटची कॉइल सेकंदाला २ किलोजूल देते. १५ लिटरचा गिझर आहे, टाकीचं पाणी १८ अंशांवर आहे आणि आपल्याला ६० अंश हवे आहेत असं धरू. म्हणजे ४२ अंश वाढवायचे. १५ गुणिले ४२ गुणिले ४.२, म्हणजे सुमारे २६५० किलोजूल. भागिले २, म्हणजे १३२५ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटं. २५ लिटरच्या गिझरला हेच काम करायला सदतीस मिनिटं लागतील, आणि १९० व्होल्टवर १५ लिटरला बत्तीस.

ही बावीस मिनिटं हाताशी ठेवली की थर्मोस्टॅटच्या पुढचा दिवा खूप काही सांगतो. तो वीस-पंचवीस मिनिटांनी विझला आणि पाणी कढत निघालं तर सगळं ठीक. तीनच मिनिटांत विझला तर? तीन मिनिटांत फक्त ३६० किलोजूल आत गेले, त्यात १५ लिटर पाणी सहा अंशांनीसुद्धा चढत नाही. म्हणजे थर्मोस्टॅटने घाई केली. आधी त्याची फिरकी कोणी कमीवर तर ठेवली नाही ना ते बघावं. ती ठीक असेल तर कारण बहुधा क्षार असतो, त्याबद्दल पुढे.

उलट दिवा तासभर विझलाच नाही, टाकीतून खदखद ऐकू येऊ लागली आणि नळातून वाफ निघाली, तर थर्मोस्टॅटचे संपर्क एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता मोठी. तिथे निरीक्षण थांबवायचं, बटण आणि मुख्य बोर्डावरचा एमसीबी दोन्ही बंद करायचे, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो गिझर वापरायचा नाही.

अजून एक प्रकार आहे आणि त्यात गिझरचा काहीच दोष नसतो. मीटर जोरात लुकलुकतो, दिवा वेळेवर विझतो, तरी नळाला कोमट पाणी. थंड पाणी मिक्सर नळातून किंवा हँडशॉवरच्या जोडातून गरम पाण्याच्या बाजूला शिरत असतं. गिझरचं बटण बंद करा, गिझरकडे येणाऱ्या पाण्याचा अँगल कॉक बंद करा, आणि फक्त गरम पाण्याचा नळ उघडा. पाणी थांबायला हवं. धार चालूच राहिली तर ते पाणी गिझरमधून येत नाही. इलेक्ट्रिशियनऐवजी प्लंबर बोलवा.

६. झाकणाआडचं बटण

काही गिझरांत कटआऊट एकदा तुटला की आपोआप जुळत नाही. त्यावर एक बारीक बटण असतं, खालच्या झाकणाच्या आत. ते दाबलं की वाट पुन्हा सुरू. ही रचना मुद्दाम केलेली आहे. पाणी नव्वद अंशांपर्यंत चढलं याचा अर्थ थर्मोस्टॅट कामाला आला नाही, आणि हे कोणाच्या तरी नजरेस पडावं म्हणूनच ते बटण हाताने दाबावं लागतं. ते दाबून गिझर सुरू झाला आणि काम संपलं असं समजणं धोक्याचं आहे. तो पुन्हा तुटला तर थर्मोस्टॅट बदलावा लागेल. कटआऊट वगळून सरळ तार जोडून देणारा मिस्त्री भेटला, तर त्याला तिथेच थांबवा. बंद टाकी, उकळतं पाणी आणि विजेला थांबवणारं कोणीच नाही, अशी स्थिती त्या एका तारेने तयार होते.

बटणांमध्ये भिंतीवरचं बटणही कमी महत्त्वाचं नाही. ८.७ अँपिअरचा गिझर ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवू नये. १६ अँपिअरचा मोठा तीन पिनी प्लग हवा, आणि त्याहून चांगला म्हणजे डीपी स्विच. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. साधं बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर ते बंद केल्यावर दिवा विझतो, पण कॉइल मात्र फेजवरच राहते. म्हणून झाकण उघडायच्या आधी बटण बंद करणं पुरेसं नाही. एमसीबी पाडायचा आणि प्लगही काढायचा.

७. नागपूरचं पाणी

शहराच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांचं. पण असंख्य इमारतींत बोअरवेलचं पाणीही वरच्या टाकीत चढतं. नागपूर दख्खनच्या काळ्या खडकाच्या पूर्व काठावर बसलं आहे. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक, आणि मधेमधे लमेटा थरांतले चुनखडीचे पट्टे. अशा खडकांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. साबणाला फेस येत नसेल, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटत असेल, तर आपलं पाणी यातल्या वरच्या टोकाकडचं आहे.

हे पाणी तापलं की त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट फुटतात आणि चुन्याचा थर बनून कॉइलवर बसतात. त्यामुळे वीजबिल खूप वाढतं असं सर्रास सांगितलं जातं, ते विजेच्या गिझरला फारसं लागू नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तेव्हा तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. खरा तोटा वेगळा आहे. थराखाली कॉइल स्वतः जास्त तापते, तडतड आवाज करते आणि लवकर फुटते. थर वाढत जाऊन कॉइल आणि थर्मोस्टॅटची नळी यांच्यामधली जागा भरली की थर्मोस्टॅटला पाण्याची नाही, थेट कॉइलची उष्णता जाणवते. पाणी कोमट असतानाच तो वीज तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. तीन मिनिटांत विझणारा आणि सारखा लागणारा-विझणारा दिवा हे त्याचंच चिन्ह. थर्मोस्टॅट बदलून हा दोष जात नाही. टाकी उघडून कॉइल आणि नळी साफ करावी लागते. त्याच वेळी मॅग्नेशियमची सळीही बघून घ्यावी. टाकीऐवजी आपण गंजायचं हे तिचं काम. ती झिजून तार उरली असेल तर बदलावी. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरला हे वर्षाआड तरी लागतंच.

सुरक्षा व्हॉल्व्हमधून तापताना थोडं पाणी टपकलं तर घाबरू नये. १५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर जाताना जवळजवळ पाव लिटरने फुगतं आणि ते बाहेर पडायला वाट हवीच. तो व्हॉल्व्ह बुच मारून बंद करू नये.

८. अमेरिकेतला लाल दिवा

परदेशातल्या मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना सुट्टीत मोटरहोमने फिरायचा योग येतो. त्या फिरत्या घरातही गिझर असतो, बहुधा २३ किंवा ३८ लिटरचा, आणि भिंतीवर दोन बटणं असतात: एक गॅसचं, दुसरं विजेचं. गॅसचं बटण दाबल्यावर त्याशेजारचा लाल दिवा लागलेलाच राहिला, तर आपल्या सवयीने वाटतं की पाणी तापतंय. बहुतेक अशा गिझरांत अर्थ नेमका उलटा असतो. आत एक नियंत्रक ठिणगी पाडून गॅस पेटवायचा प्रयत्न करतो. ज्योत लागल्याचं त्याला जाणवलं नाही तर तो गॅस बंद करतो आणि लाल दिवा लावतो. पाणी नीट तापत असताना तो विझलेला असतो. अशा वेळी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते पाहून बटण बंद करून पुन्हा लावायचं. विजेचं बटण मात्र टाकी भरल्याची खात्री झाल्याशिवाय दाबायचं नाही. कोरडी कॉइल काही क्षणांत जळते.

आपल्याकडचा गॅस गिझर याच तत्त्वावर चालतो. पाणी वाहू लागलं की टिकटिक ठिणगी पडते. ठिणगी न पडता शांत राहिला तर मोठे सेल संपले असतील किंवा पाण्याला दाब नसेल. त्याच्याबाबत मात्र दिव्यापेक्षा हवेची काळजी जास्त करावी. बंद बाथरूममध्ये अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि महाराष्ट्रात त्याने माणसं गेली आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

९. थंडीतला पहिला दिवस

गिझर पुन्हा लावायच्या दिवशी आधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि भरधार पाणी येऊ द्या. टाकी भरलेली आहे याची ही खात्री. सुरुवातीला गढूळ पाणी आलं तर निवळेपर्यंत वाहू द्या. नळ बंद करा, प्लगच्या पिना काळ्या किंवा वितळलेल्या नाहीत ना ते बघा, मगच बटण दाबा आणि वेळ लिहून ठेवा.

बटण दाबताच मुख्य बोर्डावरचं काही पडलं तर काय पडलं ते नीट पाहा. एमसीबी पडला तर जादा भार किंवा शॉर्ट. आरसीसीबी पडला तर वीज कुठेतरी जमिनीकडे गळते आहे, आणि गिझरच्या बाबतीत ती जागा बहुधा कॉइलवरचं फुटलेलं आवरण असते. ही गळती पाण्यातून नळापर्यंत येऊ शकते. आरसीसीबी पुन्हा पुन्हा वर करून 'एकदा आंघोळ तरी होऊ दे' म्हणणं जिवावर बेतू शकतं. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीला पडावा अशा बेताचा असतो. घरात तो नसेल तर गिझर दुरुस्तीच्या आधी तो बसवून घ्या, आणि असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं छोटं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहा. अर्थिंगची तार जोडलेली आहे का, हेही त्याच फेरीत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.